अंटार्क्टिकाचा अँफिपॉड आणि भुकूमचा ब्रेकर

डावा जबडा सापडत नव्हता.

क्षणभरापूर्वी तो माझ्या डोळ्यांसमोर होता. काचेच्या स्लाइडवर ग्लिसरीनचा थेंब, थेंबात एक प्राणी, आणि त्या प्राण्याच्या तोंडातून मी नुकताच सुईने सोडवलेला त्याचा डावा जबडा. तो केवढा असतो हे सांगायचं तर फोडणीतली मोहरी घ्या, तिचे चार तुकडे करा आणि त्यातला सगळ्यात लहान तुकडा ठेवा. तो उचलून दुसऱ्या स्लाइडवर न्यायचा होता. तेवढ्यात शेजारच्या प्लॉटवर ब्रेकर सुरू झाला.

ब्रेकर म्हणजे पोकलेनच्या सोंडेला लावलेली लोखंडी छिन्नी. बेसमेंटच्या पार्किंगसाठी तिथे कातळ फोडत होते. पुण्याबाहेरच्या या भुकूमचा कातळ काळा आणि हट्टी. छिन्नी बसली की आमच्या रो-हाउसच्या मांडणीतली भांडी किणकिणतात. माणसाला ती थरथर जेमतेम कळते. माइक्रोस्कोपखाली मात्र भूकंप होतो. चित्र उडालं, सुई हलली, आणि सगळं पुन्हा स्थिर झालं तेव्हा थेंबात प्राणी होता, जबडा नव्हता.

मी थेंब पाहिला. थेंबाभोवतीची काच पाहिली. स्लाइडची मागची बाजू पाहिली. श्वास रोखून टेबल पाहिलं. मग माइक्रोस्कोपवर कापड टाकलं, पायात चपला घातल्या आणि साइटवर गेले.

पोकलेनच्या केबिनमध्ये गळ्यात टॉवेल टाकलेला एक माणूस बसला होता. मी दोन्ही हात हलवले तेव्हा त्याने मशिन बंद केलं.

"काय झालं म्याडम?"

"हे किती दिवस चालणार?"

"आमाला काय म्हाईत? दगुड फुटंल तवर." तो खाली उतरला. "लई कडक हाय हितला. तुमच्या घराला तडा ग्येला का?"

"घराला काही झालं नाही. माझं काम बिघडलं."

"कसलं काम?"

हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेलाय आणि त्याचं छोटं उत्तर मला अजून जमलेलं नाही. "समुद्रातले बारीक प्राणी असतात. ते उघडून बघते आणि त्यांची चित्रं काढते."

त्याने आमच्या सोसायटीच्या गेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "समुद्रातलं? हितं?"

"हो."

"सायबाला इचारा," तो म्हणाला. "बंद कर म्हनले की आमी बंद करतू. आमचं काय न्हाई."

त्याचं नाव तानाजी. जवळच्याच कासार आंबोलीचा. घरची थोडी जमीन आहे, भाऊ शेळ्या-मेंढ्या बघतो, हा मशिनवर असतो. साहेब म्हणजे साइट इंजिनिअर वाघ. तिशीतला माणूस, उदगीरचा. पत्र्याच्या कंटेनरमध्ये त्याचं ऑफिस होतं आणि मागच्या अर्ध्या भागात त्याची कॉट. भिंतीवर शाळेच्या गणवेशातल्या एका मुलीचा फोटो चिकटवलेला होता.

"मॅडम, परमिशन आहे आमच्याकडे," मी बसायच्या आधीच तो म्हणाला. तक्रारींची त्याला सवय असावी.

"परमिशनबद्दल मला काही म्हणायचं नाही. मला दिवसातला एक तास हवाय, ब्रेकर नक्की बंद असलेला. कधी ते मला आधी कळायला हवं."

"लंचला बंदच असतो की. एक ते दोन."

"नसतो. आज दीड वाजताच चालू झाला."

"तानाजी लवकर जेवतो," तो हसला. मग एकदम गंभीर झाला. "मॅडम, पावसाच्या आत बेसमेंट उरकायचंय. वरून रोज फोन येतात. माझ्या हातात फार काही नाही."

"एक ते दोन तरी आहे ना?"

"आहे," तो म्हणाला. "पण हवाय कशाला?"

"या घरी. दाखवते."

"येतो कधीतरी," तो म्हणाला. लोक म्हणतात तसं.

आता त्या प्राण्याबद्दल सांगते.

मी प्राण्यांचं वर्गीकरण करते. म्हणजे कुठला प्राणी कुठल्या जातीचा हे ठरवते. माझा गट अँफिपॉड. कोळंबी, खेकडे यांच्या मोठ्या घराण्यातली ही लहान मंडळी. दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबल्यासारखं अंग, पाठीला बाक, आणि पायांची नुसती गर्दी. कोकणात किनाऱ्यावर वाहून आलेलं शेवाळ उचललंत तर खालून टणाटण उड्या मारत काहीतरी पळतं. ते यांचंच भावंड. माझे अँफिपॉड मात्र उड्या मारत नाहीत. ते दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्रात, बर्फाखालच्या चिखलात राहतात. त्या समुद्रात मी एकदाच, तरुणपणी, जहाजावरून गेले होते. बाकी सगळी नोकरी मी बरण्यांमधून अंटार्क्टिका पाहिला.

रिटायर झाल्यावर भुकूमला घर घेतलं. लोक हवेसाठी घेतात, डोंगर दिसतो म्हणून घेतात. मी तळमजल्यासाठी घेतलं. वरच्या मजल्यावर कुणी चाललं तरी माइक्रोस्कोप हलतो. मागच्या खोलीत जमिनीत पक्का ओटा बांधून घेतला आणि त्यावर माझी दोन यंत्रं ठेवली. मी लग्न केलं नाही. भाऊ नाशिकला असतो, रविवारी फोन करतो. सकाळी दहाच्या आत आमची सोसायटी रिकामी होते. हिंजवडीच्या कॅब एकामागून एक निघून जातात. मग वॉचमन, दोन कुत्री आणि मी. कामाला हे बरंच म्हणायचं. इतर वेळी काय म्हणायचं ते मी ठरवलेलं नाही.

डॉक्टर पानसे पूर्वी माझ्या हाताखाली होते, आता आमच्या जुन्या संस्थेत विभागप्रमुख आहेत. त्यांच्या मोहिमेच्या जहाजाने समुद्राच्या तळातून ग्रॅबने चिखल आणला होता. ग्रॅब म्हणजे दोन लोखंडी ओंजळी. दोरीने खाली सोडायच्या, तळाला टेकल्या की मिटतात. तो चिखल चाळून जे जिवंत सापडलं ते बरण्यांत भरलं गेलं. अँफिपॉडच्या बरण्या माझ्याकडे आल्या. पानसे म्हणाले, "मॅडम, तुमच्याशिवाय कोण बघणार?" ते कौतुक होतं, पण शब्दशः खरंही होतं. देशात हा गट बघणारं दुसरं कुणी आता उरलेलं नाही. विद्यार्थी होते. चांगले होते. त्यांना नोकऱ्या दुसरीकडे मिळाल्या. एक जण बँकेत आहे.

बरण्यांमधले बहुतेक प्राणी ओळखीचे निघाले. मग एका बरणीच्या तळाशी हा दिसला. चार मिलिमीटरचा. ओळखीच्याच एका जातीसारखा, पण त्या जातीच्या शेपटीच्या टोकाला जी छोटी पट्टी असते, तिला मधोमध खोल खाच असते. या पट्टीला टेल्सन म्हणतात. ह्याचं टेल्सन अखंड होतं. खाच नावालाही नव्हती. असे एकूण तीन नमुने मिळाले. एकाचं डोकं गेलेलं, एक चिरडलेला, आणि एक अख्खा.

नवी जात? एवढ्यावर नाही म्हणता येत. कारण काही जातींत पिल्लांच्या टेल्सनला खाच नसते, वय वाढेल तशी ती खोल होत जाते. म्हणजे मी बघत होते ती एखादी नवी जात असू शकत होती, किंवा जुन्याच जातीचं पोरगं. पोरग्याला नवी जात म्हणून जाहीर करणं ही आमच्या धंद्यातली फार जुनी फजिती आहे. ती पुढच्या माणसांना निस्तरावी लागते.

तुम्ही म्हणाल, डीएनए काढा. नमुने फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेले होते. फॉर्मॅलिन शरीर छान टिकवतं आणि डीएनएची वाट लावतं.

पानसेंचा फोन आला. "मॅडम, यादी कधी होतेय?"

"एक अडलंय."

"अडलं असेल तर 'एसपी' लिहा ना. पुढे चला. प्रोजेक्ट क्लोज होतोय."

एसपी म्हणजे स्पीशीज. प्राण्याच्या घराण्याचं नाव लिहायचं आणि पुढे एसपी. अर्थ असा की जात कुठली ते आम्हाला माहीत नाही. ते लिहिण्यात काही खोटं नसतं. पण एसपी लिहिलेली बरणी कपाटात जाते आणि नंतर ती कुणी काढत नाही.

"एसपी नाही लिहायचं मला," मी म्हणाले.

"मग सिद्ध करायला कोण बसणार, मॅडम?"

"मी."

"एकट्या?"

"दुसरं कोण आहे?"

"तेही खरंच आहे म्हणा," पानसे म्हणाले.

खरं तर दुसरं एक जण होतं. अक्सेल. उत्तरेकडच्या एका थंड देशात, समुद्रकाठच्या गावात राहणारा म्हातारा. या गटावर त्याच्याइतका अधिकार जगात कुणाचा नव्हता. आम्ही एकमेकांना कधी भेटलो नाही. आधी पत्रं, मग ईमेल. मी चित्र पाठवायची, तो चुका काढायचा. एकदा त्याने लिहिलं होतं, "तिसऱ्या पायावरचा शेवटचा केस तू विसरलीस की प्राणी?" मी विसरले होते. माझ्या कामाकडे इतक्या जवळून दुसऱ्या कुणीच कधी पाहिलं नाही.

मी त्याला टेल्सनचं चित्र पाठवलं आणि विचारलं, पिल्लू की प्रौढ?

बऱ्याच दिवसांनी त्याच्या मुलीचं उत्तर आलं. तिने लिहिलं होतं की बाबांना आता बरंचसं आठवत नाही. तुमचं चित्र मी प्रिंट काढून त्यांना दाखवलं. ते पुष्कळ वेळ बघत होते. मग म्हणाले, सुंदर आहे, कुणी काढलंय?

मी उत्तरात आभार मानले. त्या दिवशी मी माइक्रोस्कोपला बसले नाही. दुपारी पौड रोडपर्यंत चालत गेले, कोथिंबीर घेतली आणि परत आले. घरी आल्यावर लक्षात आलं, फ्रिजमध्ये कोथिंबीर होतीच. तेव्हा मला नेमकं कळलं की काय झालंय. आता हे खरं की खोटं ठरवणारं माझ्या वरचं कुणी नव्हतं. नोकरीत असताना वर कुणी नसावं असं किती वेळा वाटलं होतं. आता नव्हतं, आणि पायाखाली पायरी नसल्यासारखं वाटत होतं.

एक मार्ग होता. अँफिपॉडची मादी पिल्लं पोटाखालच्या पिशवीत वाढवते. ती पिशवी पायांच्या मुळाशी असलेल्या पातळ पट्ट्यांची बनलेली असते. मादी वयात आली की त्या पट्ट्यांच्या कडांना लांब केस फुटतात. केस एकमेकांत गुंततात आणि पिशवी बंद राहते. लहान मादीला पट्ट्या असतात, पण केस नसतात. म्हणजे प्रश्न साधा झाला. केस आहेत की नाहीत? आहेत, तर ती प्रौढ आहे आणि टेल्सन असंच आहे. नाहीत, तर पोरगं.

हे बघायला प्राणी उघडावा लागणार होता. आणि चिरडलेला, बिनडोक्याचा चालणार नव्हता. अख्खा होता तोच. आमची पद्धत अशी की डाव्या बाजूचे अवयव सोडवायचे आणि उजवी बाजू पुढच्यांसाठी तशीच ठेवायची. जबडे मात्र डावा-उजवा सारखे नसतात, दातांची ठेवण वेगळी असते. डावा गेला तर त्याच्या जागी उजवा चालत नाही. सुरुवात तोंडापासून केली, आणि पहिल्याच दिवशी तो डावा जबडा गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सापडला. सुईवरच होता. टोकाला नव्हे, टोकापासून थोडा वर, ग्लिसरीनच्या पुसटशा थराखाली. सगळीकडे शोधताना जिने शोधत होते ती सुईच मी पाहिली नव्हती. मी त्याला एक वाजेपर्यंत हात लावला नाही. एकला ब्रेकर थांबला. मी तो उतरवला, स्लाइडवर ठेवला आणि वर काच टाकली.

दारावर थाप पडली. वाघ होता. हातात हेल्मेट. "मॅडम, कधीतरी येतो म्हणालो होतो," तो म्हणाला, "म्हटलं बघू तरी, कशासाठी बंद ठेवतोय."

मी त्याला माइक्रोस्कोपसमोरची खुर्ची दिली. आधी त्याला नुसत्या स्वतःच्या पापण्या दिसल्या, सगळ्यांना दिसतात. मग तो नळीवर आणखी वाकला.

"हे पाय आहेत सगळे?"

"हो. मोजू नका, हरवाल."

"आणि हे एवढंच आहे? जगात?"

"जगात पुष्कळ असतील. माणसांकडे तीन आहेत."

त्याने मान वर केली नाही. "मॅडम, माझ्या मुलीला दाखवू?" मला वाटलं कधीतरी घेऊन येईन म्हणतोय. त्याने खिशातून फोन काढला, उदगीरला व्हिडिओ कॉल लावला आणि फोनची काच माइक्रोस्कोपच्या नळीला टेकवली. पलीकडून बारीक आवाज आला, "पप्पा, झुरळ आहे का?"

"झुरळ नाही बेटा. अंटार्क्टिकाचं आहे."

"मग पांढरं का नाही?"

वाघने माझ्याकडे पाहिलं. "समुद्रात खाली काळोख असतो," मी फोनमध्ये म्हणाले. "तिथे रंग कुणाला दिसणार?" तिला ते पटलं की नाही कळलं नाही, कारण तिला शाळेची रिक्षा आली होती. फोन बंद झाल्यावर वाघने त्याची काच शर्टाला पुसली. मग म्हणाला, "महिन्यातून एकदा जातो. तेवढ्यात तिचे दात पडून नवे आलेले असतात."

तेव्हापासून एक ते दोन खरंच शांतता मिळू लागली. एकदा दोन वाजून गेले तरी ब्रेकर सुरू झाला नाही. मी खिडकीतून पाहिलं तर तानाजी पोकलेनच्या सावलीत बसून माझ्या घराकडे बघत होता. मी हात केला. त्याने उठून मशिन सुरू केलं. माझी खूण होईपर्यंत थांबायचं, असं त्याने आपणहून ठरवलं होतं.

पिशवीच्या पट्टीचा दिवस आला. मी ती सोडवायला घाई केली नाही. आधी पाय, मग पायाच्या मुळाशी ती पट्टी, तांदळाच्या कोंड्यासारखी पातळ. ती थेंबात अलगद तरंगली आणि घडी पडून राहिली. घडी उलगडायला सुई लावली तर फाटणार. मी थेंबात ग्लिसरीनचा आणखी एक कण सोडला आणि वाट पाहिली. हळूहळू ती आपोआप सरळ झाली. मी मोठ्या माइक्रोस्कोपखाली स्लाइड सरकवली. फोकस फिरवला.

केस होते.

कडेने एका ओळीत, लांब, टोकाला वाकलेले. मी ते पुन्हा पाहिले. दुसरी पट्टी काढली, तिच्यावरही होते. आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये एक सुरकुतलेलं अंडं अडकलेलं होतं. ती प्रौढ होती. तिला पिल्लं व्हायची होती. तिचं टेल्सन अखंड होतं, आणि असा प्राणी आजवर कुणी नोंदवला नव्हता.

मी खुर्ची मागे सरकवली आणि उभी राहिले. खोलीत मी होते, पंखा होता. कुणाला तरी सांगायला हवं असं इतक्या जोरात वाटलं की मी पानसेंना फोन लावला. ते मीटिंगमध्ये होते. "ग्रेट, मॅडम," ते कुजबुजले, "मेल करा, प्लीज." भावाला लावला. तो म्हणाला, "अरे वा! म्हणजे आता पुढे काय?" प्रश्न योग्य होता. अक्सेलला लावण्यासारखा नंबर माझ्याकडे कधीच नव्हता. असता तरी काय.

मी चपला घालून साइटवर गेले. वाघ वरच्या लोकांबरोबर फोनवर होता. तानाजी डबा धूत होता.

"तानाजी, झालं काम."

"झालं? काय निगालं?"

"मादी आहे. मोठी, वयात आलेली. पोटाशी अंडं सापडलं."

त्याचा हात थांबला. "म्हंजी लेकुरवाळी हुती व्हय?" मग जरा वेळाने, "आन आता म्येलेली."

"हो."

"आमच्या भावाची शेळी अशीच ग्येली, पोटात दोन हुती," तो म्हणाला. डबा झटकला. "बसा म्याडम. च्या सांगतू." मी बसले. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यावर बसून चहा घेतला. त्या चार मिलिमीटरच्या मादीसाठी वाईट वाटलेला माझ्या माहितीतला तो एकमेव माणूस. मला स्वतःलाही तोवर वाटलं नव्हतं.

मग चित्रं. आमच्या माइक्रोस्कोपला ड्रॉइंग ट्यूब म्हणून एक नळी असते. तिच्यातून बघितलं की प्राणी आणि शेजारचा कागद एकावर एक दिसतात, आणि प्राण्यावरून पेन्सिल फिरवता येते. एकेक केस मोजून काढायचा. त्यात उन्हाळा गेला.

नावावरून पानसेंशी थोडं वाजलं. "मॅडम, मोहिमेचं नाव देऊ या जातीला," ते म्हणाले. "पुढच्या फंडिंगला बरं पडतं."

"पुढच्या शंभर वर्षांत ज्याच्या हातात असा प्राणी येईल, त्याला मोहिमेचं काय करायचंय? त्याला शेपटी बघायची आहे."

"मग?"

"इंटेग्रा. लॅटिनमध्ये अखंड."

"फार साधं आहे हो."

"प्राणीही साधाच आहे."

त्यांनी वाद घातला नाही. लेखावर त्यांचं नाव माझ्यानंतर आलं, आणि जहाजाचे आभार शेवटी मानले. जर्नलला लेख ऑनलाइन पाठवायचा होता. एका ठिकाणी अडले. तुमचा लेख तपासू शकतील अशा तीन तज्ज्ञांची नावं द्या, त्याशिवाय पुढचं पान उघडणार नाही. मी अक्सेलचं नाव टाइप केलं आणि खोडलं. दुसरं एक नाव आठवलं, ते गेल्याचं मीच वाचलं होतं. शेवटी शेजारच्या गटांवर काम करणाऱ्या तिघांची नावं शोधून भरली. खेकड्याच्या माणसाने कोळंबी तपासावी तसं.

दोघांनी नकार दिला. तिसऱ्याचं उत्तर यायला पावसाळा संपला. त्याने लिहिलं होतं, हा गट माझा नाही, पण चित्रं बघून मला शंका उरली नाही. खाली स्वल्पविरामाच्या काही चुका काढल्या होत्या. चित्रातली एकही नाही. लेख स्वीकारला गेला. मी आनंदी व्हायला हवं होतं, आणि बऱ्यापैकी झालेही. पण चित्रांवर कुणीतरी भांडायला हवं होतं, असंही वाटत राहिलं.

लेख छापून आला तेव्हा वर्तमानपत्रात चौकोनी बातमी आली. फोटो पेंग्विनचा होता. रविवारी भावाचा फोन आला, "तुझं पेंग्विनचं काम छान आलंय." मी त्याला खरं सांगितलं. तो म्हणाला, "तेच ते."

एक काम राहिलं होतं. नव्या जातीचं नाव ज्या एका नमुन्याशी कायमचं बांधलेलं असतं, त्याला होलोटाइप म्हणतात. तो घरात ठेवता येत नाही, संग्रहालयात द्यावा लागतो. मी कुरिअर केलं नाही. कॅब केली, नमुन्याची डबी मांडीवर धरली आणि स्वतः गेले. क्युरेटर रजेवर होते. सहायकाने डबीवर क्रमांक चिकटवला, लांबलचक खोलीतल्या एका लोखंडी कपाटात ठेवली आणि कपाट लावलं. कपाटांना आतून अल्कोहोलचा वास होता.

"हे कपाट कुणी उघडतं का?" मी विचारलं.

"आम्ही उघडतो ना, मॅडम," तो म्हणाला. "अल्कोहोल उडून जातं. वर्षातून एकदा टॉप-अप करावं लागतं."

"बघायला म्हणून?"

त्याने विचार केला. प्रामाणिक माणूस होता. "मी आल्यापासून तरी नाही."

परतीच्या कॅबमध्ये ड्रायव्हरने विचारलं, "मॅडम, हॉस्पिटलचं काम होतं का?" डबी मी ज्या तऱ्हेने धरली होती त्यावरून त्याला तसं वाटलं असणार. मी नाही म्हणाले.

आता कधीकधी शाळा-कॉलेजात बोलवतात. मुलं विचारतात, नवी जात शोधायला काय लागतं? जहाज, बर्फ, थंडीचे कपडे, हे त्यांच्या मनात असतं. ते लागतंच, आणि त्याला माणसं मिळतात. मी त्यांना कामाची एकच गोष्ट सांगते. जो प्राणी आधी कुणी पाहिलेला नाही, त्याच्याबद्दल विचारायला बहुतेक वेळा कुणी नसतं. आपणच ठरवायचं असतं आणि आपण चुकू शकतो. म्हणून चित्र इतकं स्वच्छ काढायचं की कुठल्याही अनोळखी माणसाला ते बघून आपली चूक दाखवता यावी.

तेवढं मी केलंय. आता कुणीतरी यावं आणि चूक दाखवावी.